‘खायला काही दिलं नाही’

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पावणेआठला मी बाळाच्या आईला विचारलं, “रात्री बारानंतर बाळाला काही दिलं नाही ना?” ती म्हणाली, “नाही सिस्टर, खायला काही दिलं नाही.” मी केसपेपरवर बरोबरची खूण केली. मग बाळाच्या हनुवटीवर वाळलेलं दूध दिसलं.

“पाजलं का गं?”

“पाजलं ना. सहाला. अंगावरच.”

आदल्या रात्री वॉर्डात सूचना मीच दिल्या होत्या. “काही खायला द्यायचं नाही,” हेच शब्द. सतरा वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात काढून माझ्या डोक्यात खाणं म्हणजे पोटात जाणारं सगळं. तिच्या डोक्यात खाणं वेगळं, पाजणं वेगळं. आणि भाषा तिचीच बरोबर आहे.

नाशकातल्या मिशनच्या एका छोट्या दवाखान्यात मी ओटी सिस्टर आहे. वर्षातून एकदा पाच दिवस बाहेरची सर्जरी टीम येते. नाशकातलं हे शरणपूर मिशनऱ्यांनी १८५४ मध्ये वसवलं, तेव्हापासून बाहेरची माणसं येणं-जाणं इथे कुणाला नवं नाही. कॅम्पला पेठ, सुरगाणा, हरसूलकडून लोक येतात. हर्निया, भाजून आखडलेली बोटं, फाटलेले ओठ. त्या शुक्रवारी यादीत पहिलं नाव या बाळाचं होतं. पाच महिन्यांचं पोर, ओठ डावीकडे नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, टाळू शाबूत. ओठाच्या ऑपरेशनला जुना दहाचा नियम असतो: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. बाळ तिन्हींत बसत होतं. वजन पाच किलो दोनशे, तेही निव्वळ आईच्या दुधावर. सासूने म्हणे आधीच सांगितलं होतं, ग्रहणात विळी हातात धरली म्हणून असं झालं, आता हे पोर दूध ओढणार नाही. हिने छाती बोटांनी दाबून ओठाची फट बुजवायची युक्ती स्वतःच शोधली होती. असं पाजणं आम्ही शिकवूनही कित्येकींना जमत नाही.

भूलतज्ज्ञ मॅडमनी घड्याळ पाहिलं. आईच्या दुधानंतर चार तास. दहाच्या आत भूल नाही. त्यांचं चुकलं नाही. भरल्या पोटी भूल दिली आणि दूध उलटून फुप्फुसात गेलं, तर ओठ शिवायला पोर राहणार नाही. भुलेत श्वासासाठी तोंडातून घालायची वाकडी नळीसुद्धा मी काढून ठेवली होती. ती हनुवटीकडे वळलेली असते, खालच्या ओठावर मधोमध चिकटवायची, म्हणजे वरचा ओठ एका बाजूला ओढला जात नाही आणि सर्जनचं माप चुकत नाही. ती तशीच ट्रेवर राहिली.

मधल्या वेळात दुसऱ्या पेशंटची फाटलेल्या टाळूची केस घेतली. दहाला संपायची ती रक्तस्रावामुळे सव्वाअकराला संपली. तोवर ऑटोक्लेव्हचं, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं, गॅस्केट सुटलं. दाबाचा काटा चढलेला, पण हत्यारांच्या ड्रमवरच्या टेपच्या रेघा फिक्याच, म्हणजे आतलं निर्जंतुक झाल्याची खात्री नाही. पाहुण्या सर्जननी विचारलं, “चालणार नाही का?” मी नाही म्हटलं. गॅस्केट बसवायचं, पुन्हा १२१ अंश, पंधरा पौंड दाब, मग ड्रम सुकायचा. वर्षभर नवीन गॅस्केट मागत होते. त्याच वर्षी कॅम्पच्या बॅनरला मात्र पैसे होते.

बाळ रडून निळं-लाल झालेलं. साडेअकराला मॅडमनी थोडं साखरपाणी द्यायला लावलं, म्हणजे आणखी दोन तास. दोनला अंग तापलं, थर्मामीटर १००.८. केस रद्द. चारला टीमची गाडी मुंबईला निघाली. जाताना सर्जनने बाळाच्या गालाला बोट लावून म्हटलं, पुढच्या वर्षी. हात फार सुरेख त्यांचा, खोटं कशाला बोलू. पण घातलेले टाके सातव्या दिवशी काढायला ते नसतात, आम्ही असतो.

तिने मला एवढंच विचारलं, “खरं सांगितलं म्हणून राहिलं का सिस्टर?”

मी म्हटलं, “नाही गं, ताप आला म्हणून.” हे अर्धंच खरं होतं.

तिला चिठ्ठी लिहून दिली. ओठ-टाळूच्या शस्त्रक्रिया सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून बारा महिने होतात, २०१३ पासून. पाहुण्यांची वाट बघायची गरजच नव्हती, पण बॅनर आमचा मोठा आणि सरकारी फलक लहान. गावच्या आशाताईकडून ग्रामीण रुग्णालयात जायचं, हे तिला तीनदा सांगितलं आणि तिच्याकडून वदवूनही घेतलं. ती मान डोलावत राहिली. नजर दाराशी उभ्या नवऱ्याकडे. द्राक्षांची काढणी चालू होती. दिंडोरीच्या बागेतली त्यांची तीन दिवसांची मजुरी आधीच बुडाली होती.

जूनमध्ये फोन लावला, तर दिराने उचलला. गावी नाहीत म्हणाला. ओठाचं विचारलं, तर “ते तसंच आहे बहुतेक.”

आता मी रात्री प्रत्येक आईसमोर बसते आणि एकेक विचारते: अंगावर पाजायचं नाही, बाटलीने नाही, बोटाला गूळ लावून चोखायला द्यायचं नाही. परवा एक आजी कंटाळून म्हणाली, “एवढं काय बाई, उपाशी ठेवायचं म्हणा ना!”

सतरा वर्षांत हा शब्द मला सुचला नव्हता.