पिकलिंगच्या डोक्यावरचे पत्रे

ठाणे-बेलापूर रोडवरचे जुने कारखाने एकेक करून पाडले जायला लागले, तेव्हापासून माझ्याकडे एक वेगळं काम येऊ लागलं. शेडवरून उतरवलेले पत्रे लोक विकत घेतात आणि घरामागे छप्पर उभं करून मागतात. माझं फॅब्रिकेशनचं दुकान कळव्यात. ग्रिल, गेट, जिने ही रोजची कामं. जुन्या पत्र्याला बरेच जण हात लावत नाहीत, कारण त्यात वेळ जातो आणि गळलं की नाव आपलं खराब होतं. मला मात्र ते काम मनापासून आवडतं. आज घरगुती छपराला सर्रास ०.३५ ते ०.४५ मिलिमीटरचा पत्रा खपतो. जुन्या शेडवर २४ गेजचा, म्हणजे ०.६३ मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा सापडतो. तो चांगल्या स्थितीत असेल तर भंगारात जाऊ देणं माझ्या जिवावर येतं.

खारेगावातलं हे काम पावसाळ्याच्या तोंडावरचं. गावठाणातलं घर, मागे थोडी मोकळी जागा, पलीकडे खाडीचा वारा. घरातले काका तारेला जस्ताचा मुलामा देणाऱ्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. कंपनी केव्हाच बंद पडली होती, आता शेड पाडत होते. काकांच्या मुलाने कॉन्ट्रॅक्टरकडून टेम्पोभर पत्रे आणले होते. अवजारं, जळण आणि स्कूटर ठेवायला आठ बाय दहाची शेड हवी होती.

मी पोचलो तेव्हा मुलाने पत्रे आधीच निवडून दोन थप्प्या लावल्या होत्या. एक थप्पी स्वच्छ, चकचकीत. दुसरी काळी, तेलकट, शेवाळलेली. "हे बसवायचे," तो चकचकीत थप्पीकडे बोट दाखवत म्हणाला, "आणि ते काळे भंगारवाल्याला देऊन टाकू."

मी चकचकीत थप्पीतला वरचा पत्रा उचलला आणि उलटा केला. खालची बाजू तांबूस होती, पापुद्रे सुटलेले. हेल्परला दुसरं टोक धरायला सांगून पत्रा उन्हासमोर उभा केला तर पन्हाळींमध्ये बारीक बारीक उजेड दिसायला लागला. मुलगा म्हणाला, "एवढ्या भोकांना एमसील लावू की." मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक भोकाशेजारी टेकवून नुसतं दाबलं. ते आरपार गेलं.

आमचं हे चाललेलं असताना काका बाहेर आले. काही न बोलता त्यांनी थप्पीतले चार-पाच पत्रे स्वतः उलटे करून बघितले. मग म्हणाले, "हे पिकलिंगच्या डोक्यावरचे. हे घेऊ नका."

मला राहवलं नाही, कशावरून ते विचारलं. काकांनी त्या शेडखाली सगळी नोकरी काढलेली. जस्ताच्या भट्टीत जाण्याआधी तार हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीतून काढतात, त्याला पिकलिंग म्हणतात. टाकीतून वाफ वर जायची. "बाहेरून काही कळायचं नाही," काका सांगत होते. "पण खाली उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. तिथले पत्रे मेंटेनन्सवाले दर काही वर्षांनी बदलायचे. म्हणून तर वरून नवे दिसतात."

चकचकीत पत्रे वयाने लहान होते आणि तेच सगळ्यात जास्त खाल्लेले होते. मला पत्रा बघून झीज कळली होती. तिचं कारण काकांनी सांगितलं. ॲसिडची वाफ पत्र्याला खालून लागते. रात्री पत्रा गार पडला की खालच्या अंगाला दव धरतं, वाफ त्यात विरघळते आणि आधी जस्त जातं, मग लोखंड. वरची बाजू दर पावसाळ्यात धुऊन निघते. खालच्या बाजूला पाऊस कधी लागतच नाही, त्यामुळे तिथे बसलेलं तिथेच राहतं.

काळी थप्पी आम्ही उलगडायला घेतली. काका एकेका पत्र्याजवळ थांबत होते. "हे पॅकिंगचे. इथे माल भरायला ट्रक लागायचे, त्यांच्या धुराची ही काजळी. मी नोकरीला लागलो तेव्हापासून हे बदललेले नाहीत." मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एक पत्रा पुसला. काजळी निघाली आणि खाली जस्ताची ती करडी, फुलाफुलांची नक्षी जशीच्या तशी. दोन्ही बाजूंनी. हातोडीच्या दांड्याने वाजवलं तर खणखणीत आवाज आला. मुलगा गप्प उभा होता. मग त्यानेच बादली भरून आणली आणि वडिलांबरोबर पत्रे पुसायला बसला. भट्टीशेजारचे कोणते, गेटकडचे कोणते, कुठल्या पत्र्याखाली हजेरीचं टेबल होतं, हे काका सांगत राहिले. मी इतकी वर्षं जुने पत्रे हाताळतोय, पण पत्र्याची पूर्ण हकिगत सांगणारा माणूस समोर बसलाय असं त्याआधी झालं नव्हतं. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, पत्रे कुठल्या छपरावरचे आहेत आणि त्या छपराखाली काय चालायचं.

निवडलेले पत्रे दहा फुटी होते. प्रत्येकाची दोन्ही टोकं कापून टाकली. जुन्या शेडवर जिथे पत्र्यावर पत्रा चढवलेला असतो, तिथे सांध्यात पाणी ओढलं जातं आणि वाळत नाही, म्हणून गंजाची सुरुवात टोकाला होते. कापायला पत्राकात्री वापरली. ग्राइंडरने काम पटकन होतं हे खरं, पण त्याच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते जस्ताच्या थरावर चिकटतात आणि पहिल्या पावसात तिथे तांबडे ठिपके उठतात.

खरी डोकेदुखी जुन्या भोकांची. पूर्वी पत्रा जे-बोल्टने, म्हणजे आकड्यासारख्या वाकवलेल्या बोल्टने आवळायचे, त्याची भोकं मोठी असतात आणि जागेवर पाडलेली असल्यामुळे दोन पत्र्यांची कधी जुळत नाहीत. बरीचशी भोकं टोकांबरोबर गेली. काही आडव्या सांध्यात दडली, कारण मी शेजारच्या पत्र्यावर दीड पन्हाळ चढवतो, एकावर भागवत नाही. उरलेल्यांवर जीआयची ठिगळं पॉप रिव्हेटने मारली आणि खाली ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी दिली. सिलिकॉन नुसतं भोकात भरून मी कधी सोडत नाही. उन्हात पत्रा ताणतो, रात्री आकसतो आणि ते सुटून येतं.

सांगाडा चौकोनी पाइपचा. त्यातले काही तुकडे काकांच्या घरातले जुने जीआयचे होते. वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढलं आणि काम उघड्यावर केलं. जस्त साधारण ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या आसपास तापमान लागतं. म्हणजे आर्क लागला की जस्ताचा धूर होणारच. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. यावर दूध प्या असं आमच्या धंद्यात अजून सांगतात. दुधाने काही होत नाही, धूर टाळावा लागतो. माझ्या हेल्परला मी हे पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं.

उतार आठ फुटांत दोन फूट दिला. नव्या पत्र्याला कमी चालला असता. कडेच्या ओळींना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारला, मधे एक सोडून एक, आणि खांब काँक्रीटमध्ये अँकरने धरले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा मला जे फोन आले त्यात एक गोष्ट सारखी होती. छप्पर मधून उडालेलं नव्हतं, कडेने उचकटलं होतं. वारा कडेलाच पत्रा वर खेचतो. आपल्याकडच्या प्रमाणित संहितेत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. घरामागची छोटी शेड म्हणून वारा काही सूट देत नाही.

खालच्या बाजूला मी प्रायमर आणि दोन हात रंग लावायला लावला. मुलाला तो खर्च पटत नव्हता. पण पलीकडे खाडी आहे, खारा वारा छपराखाली शिरतो आणि तिथलं मीठ धुवायला पाऊस येत नाही. पिकलिंगच्या पत्र्यांचं जे झालं तेच इथे सावकाश होईल, असं मी म्हटल्यावर काकांनीच रंगाचे पैसे काढून दिले.

खाल्लेली थप्पी वजनावर भंगारवाल्याकडे गेली. त्यात स्क्रू आणि टेपचा खर्च निघाला. जुलैत जोराचा पाऊस पडून गेल्यावर मी स्वतः बघायला गेलो. एका ठिगळाच्या कोपऱ्यातून थेंब येत होता. पत्रा कोरडा पुसून तिथली टेप बदलली, एक रिव्हेट वाढवला आणि दर वैशाखात सगळ्या स्क्रूंचे रबरी वायसर तपासायला मुलाला सांगून आलो.