धोलावीराच्या विहिरीवरचे चर

शुक्रवारी संध्याकाळी वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस धरली आणि शनिवारी सकाळी भुजला उतरलो. आम्ही चौघी, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एकाच खोलीत राहिलेल्या. खावडा मागे पडलं की रस्ता सरळ रणात शिरतो. रात्रभर न संपलेल्या आमच्या गप्पा तिथे आपोआप थांबल्या. एका बाजूला पांढरंशुभ्र मीठ, दुसऱ्या बाजूला पावसाळ्याचं पाणी जानेवारीतही साचलेलं. ते ओलांडलं की खडीर बेट, आणि बेटावर हडप्पा संस्कृतीचं धोलावीरा.

सगळे आधी बघायला जातात तो उत्तर दरवाजा. तिथे दहा मोठ्या अक्षरांची पाटी सापडली होती. लाकूड कुजून गेलं, जिप्समचे तुकडे जोडून केलेली अक्षरं मातीत तशीच राहिली. ती आजवर कुणाला वाचता आलेली नाहीत. मैत्रिणी तिथे रमल्या. मला मात्र टाक्यांची ओढ होती.

मी पाणीपुरवठ्याचं काम करते, आणि लहानपण गेलं माण तालुक्यात, टँकरच्या मागे हंडे घेऊन पळण्यात. त्यामुळे पूर्वेकडच्या टाकीच्या काठावर उभी राहिले आणि पाय निघेना. ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद, दहा मीटरहून खोल, आणि तळापर्यंत उतरायला दगडी पायऱ्या! उत्तरेला मनसर, दक्षिणेला मनहर. दोन्ही ओढे पावसापुरतेच वाहणारे. त्यांना बांध घातले, पाणी वळवलं आणि गावाभोवती एकापुढे एक टाक्या भरून घेतल्या. जमिनीचा उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, तो त्यांनी बरोबर हेरला होता. लेव्हल काढायला आमच्याकडे यंत्रं आहेत, तरी साइटवर चुका होतात. इथे साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पावसात उभं राहून पाणी कुठे धावतं ते नीट बघितलं असणार. दुसरं काही मला सुचत नाही. दक्षिणेची टाकी तर सरळ कातळात खोदलेली आहे. बालेकिल्ल्यात पडलेला पाऊसही वाया जाऊ दिलेला नाही, त्याच्यासाठी दगडी गटारं आहेत, काही इतकी उंच की माणूस चालत जाईल.

हे सगळं डोक्यात घेऊन बालेकिल्ल्यावरच्या विहिरीपाशी आले. काठावर एक दगड आहे. त्यावर दोराचे चर पडलेत, गुळगुळीत. मी वाकून बघत राहिले. आमच्या गावच्या आडाच्या दगडालाही अगदी असेच चर आहेत. आजीनं त्यावरून आयुष्यभर पोहरा ओढला. तिच्या उजव्या तळहाताला घट्टे आहेत, अजून. पुस्तकात हडप्पा म्हणजे मुद्रा आणि विटा एवढंच शिकले होते. त्या दगडापाशी पहिल्यांदा मला तिथली बाई दिसली, सकाळी पाणी भरणारी.

मैत्रिणी शोधत आल्या, तेव्हा माझे डोळे भरलेले होते. कुणी काही विचारलं नाही, चौघीही तिथेच बसलो, ऊन चढेपर्यंत.

रविवारी भुज स्टेशनवरून आजीला फोटो पाठवला आणि फोन केला. साडेचार हजार वर्षांचं तिला काही वाटलं नाही. तिनं विचारलं, "पाणी किती हातांवर होतं गं?"