काकींच्या कोंबड्या (की माझ्या?)

आधीच सांगून टाकते, या कोंबड्या माझ्या नाहीत. मी विकत घेतल्या नाहीत, पाळल्या नाहीत, कधी मूठभर कण्यासुद्धा टाकल्या नव्हत्या. कुडाळजवळच्या सासरच्या घरात आम्ही कायमचं राहायला आलो त्याच्या आदल्या पावसाळ्यात शेजारच्या काकी मुलाकडे डोंबिवलीला गेल्या आणि ३ कोंबड्या नि १ कोंबा मागेच ठेवून गेल्या, खुराड्याचं दार उघडं टाकून. मुंगूस नेईल एकेक करून, असंच वाडीत सगळे म्हणत होते. दोन वर्षांनी एका संध्याकाळी मी मोजल्या तर २३ भरल्या, आणि त्या फक्त फणसावरच्या हं, मागच्या आंब्यावरच्या वेगळ्या.

कशा वाढल्या ते नंतर कळलं. खुराड्यातली कोंबडी अंडं घालते ते आपल्याला दिसतं, आपण उचलतो. ही बया करवंदीच्या जाळीत नाहीतर गवताच्या उडवीखाली गुपचूप १०-१२ अंडी घालते, खुडूक होऊन २१ दिवस बसते, आणि एक दिवस अंगणात पिलावळ घेऊन मिरवत येते. निम्मी घारीच्या नि मुंगसाच्या पोटात जातात, मान्य, पण उरलेल्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, सहा-सात महिन्यांत स्वतः अंड्यावर येतात. त्यातून झाडावर झोपायला शिकलेली पिढी वेगळीच असते, अंगाने सडसडीत, आणि उडतात किती! आमच्या कौलांवरून पलीकडच्या माडापर्यंत सरळ.

गावात येणारे पाहुणे त्यांना खुशाल रानकोंबड्या म्हणतात. रानकोंबडा वेगळा बाबांनो! तो सह्याद्रीतला करडा पक्षी, नराच्या मानेवर पांढरे-पिवळे ठिपके, आरवणंही तुटक, आणि तो माणसाची चाहूल लागली की पसार होतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, हात लावायचा नाही. आमच्या या म्हणजे गावठीच, फक्त मालक नसलेल्या. मागच्या डोंगरात कधीकधी खरा रानकोंबडा ओरडतो, तेव्हा आमचा कोंबा मान वाकडी करून ऐकत बसतो, ते मात्र बघण्यासारखं असतं.

नुकसानीचं काय सांगू. लाल भाजीचा वाफा सकाळी शिंपडून आत चहा ठेवायला गेले, दहा मिनिटांत परत येते तर सगळं उकरून मातीची आंघोळ चाललेली. हळदीच्या ओळी तीन वेळा लावल्या. खळ्यात कोकमाची सोलं वाळत घातली की त्यातून चालायचं, पडवीत स्कूटरच्या सीटवर शिटायचं, आणि पहाटे ३ वाजल्यापासून कोंबा सुरू. एकदा नवऱ्याने चिडून त्याला कसाबसा पकडून डालग्याखाली ठेवला, वर पाटा. आतूनही आरवलाच, नुसता आवाज घुमायला लागला.

पकडायचे जे जे प्रकार केले त्यातला दिवसा मागे धावायचा प्रकार सगळ्यात मूर्खपणाचा. आम्ही दोघं घामाघूम, कोंबड्या निवांत, आणि गडग्यावर बसलेले तात्या हसतायत. शेवटी त्यांनीच सांगितलं, "अगो, धावतंस कित्याक? काळोख पडाक दी. रातचा तेंका दिसना नाय." इतकं सोपं होतं. पण फणसाच्या वरच्या फांदीपर्यंत शिडी कुठे पोचते? म्हणून मग आठवडाभर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी काकींच्याच जुन्या खुराड्यात कोंडा नि कण्या टाकल्या, डबा वाजवून. आधी म्हाताऱ्या आल्या, त्यांना बहुतेक जागा आठवत असावी, त्यांच्यामागून तलंगा. आठव्या दिवशी दार लावलं, एका फटक्यात ११. उरलेल्यांपैकी खालच्या फांद्यांवरच्या रात्री बॅटरीच्या उजेडात, मागून हळूच दोन्ही पंख दाबून उचलून पोत्यात. पंख नीट दाबले की कोंबडी ओरडत नाही, सैल धरली की अख्खी वाडी उठते.

अंड्यांचंही एक गणित आहे. घरटं सापडलं म्हणून सगळी अंडी उचलायची नाहीत, नाहीतर कोंबडी जागा बदलते आणि पुन्हा शोधाशोध. एक ठेवायचं, खूण करून, बाकीची काढायची. वाफ्यांवर मालवणहून आणलेली मासेमारीची जुनी जाळी टाकली, काठ्यांवर ताणून, ती मस्त चालली.

पकडलेल्या लगेच कुणाला दिल्या नाहीत. लस न दिलेला असा मोकाट कळप म्हणजे मानमोडीला (राणीखेत रोगाला) आमंत्रण, एकीची मान वळली की शेजारपाजारच्या सगळ्या खुराड्यांत पोचते. तेव्हा काही दिवस वेगळ्या ठेवल्या, त्यावरच्या लासोटा लशीचे थेंब घातले, मगच वाटल्या.

आणि इथे खरी गंमत सुरू झाली. दोन वर्षं वाफे उकरत होत्या तेव्हा सगळे म्हणायचे तुमच्या कोंबड्यांना आवरा. चार कोंबड्या वहिनींना दिल्या त्याच रात्री डोंबिवलीहून काकींचा फोन. "माझी कोंबडां बरी आसत मां?" दोन वर्षांत पहिल्यांदा. कुणी कळवलं देव जाणे. मी सगळं सांगितलं, हळदीचं, सोलांचं, स्कूटरचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, अंडी किती मिळाली.

भांडायचं होतं खरं, पण ऐंशीच्या वरच्या बाईशी फोनवर काय भांडणार. शेवटी त्यांच्या वाटच्या ५ कोंबड्या खुराड्यात ठेवायच्या असं ठरलं, दाणापाणी माझं, अंडीही माझी, कोंबड्या त्यांच्या. वरून एक हुकूम, राखणेला, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, कोंबा लागेल, त्याला कुणाला देऊ नको.

त्याला धरायचं कुणी ते काही बोलल्या नाहीत. डालग्याच्या प्रकारानंतर तो फणसाच्या पार शेंड्याला बसतो.