जड पाणी: आधी पाइप वेगळा करा, सॉफ्टनरचं नंतर बघू

पाणी जड आहे की नाही, हे टीडीएस मीटर सांगत नाही. तरी सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, विकणारे ते पेनासारखं मीटर ग्लासात बुडवतात, आकडा दाखवतात आणि समोरचा घाबरतो. पाण्यातून वीज किती वाहते यावरून ते सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, त्यात साधं मीठही आलंच. पाणी जड करतात आणि घरात छळतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ते मोजायला थेंबांचं हार्डनेस किट घ्या. मापभर पाण्यात निर्देशक टाकला की रंग लालसर होतो. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे आणि पाणी निळं झालं की थांबायचं. थेंबांना किटवरच्या आकड्याने गुणलं की कठीणपणा, म्हणजे पाणी किती जड आहे ते, कळतं. आयएस 10500 या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी 200 मिलिग्रॅम प्रति लिटर ही कठीणपणाची मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600.

लातूरचंच घ्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. इथे मांजरा धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी बहुतेकदा एकाच हौदात पडतं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसाल्टच्या भेगांत उतरतं आणि खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवतं. जितकं जास्त दिवस आत राहील तितकं ते जड होतं. धरणाचं पाणी त्यामानाने बरंच मऊ. म्हणजे हौदात आपण मऊ पाणी आपल्याच हाताने जड करतो.

म्हणून पहिला खर्च यंत्रावर नको, प्लंबरवर करा. गच्चीवर 500 लिटरची वेगळी टाकी बसवा, तीत फक्त नळाचं पाणी चढवा आणि तिथून स्वयंपाकघर, गिझर, वॉशिंग मशीन एवढ्यालाच लाइन द्या. फ्लश, अंगण, गाडी धुणं यांना बोअरचं पाणी चालतं. दोन्ही लाइन जोडणारा व्हॉल्व्ह मात्र ठेवू नका. तो कधीतरी कुणीतरी उघडा टाकतंच.

गिझरचं दुखणं सगळ्यात महाग. पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट फुटतात आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर चढतं. या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, कॉइल आतून जास्त तापते, तिचं कवच तडकतं आणि मग गिझर लावला की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. त्याच्या आधी गिझर खडखडायला लागतो. तो आवाज ऐकू आला की साफसफाईची वेळ झाली. थर्मोस्टॅट 50 ते 55 अंशांवर ठेवा, 60 च्या वर थर झपाट्याने चढतो.

साफ करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, विजेच्या पेटीतला गिझरचा स्विच, म्हणजे एमसीबी, पाडा. पाणी गार होऊ द्या, येणारं पाणी बंद करा, टाकी रिकामी करा. खालचं झाकण काढल्यावर वायरींचा फोटो घेऊन मगच त्या सोडवा. कॉइल बाहेर काढून किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवा: लिटरला 50 ते 60 ग्रॅम, पाणी कोमट. उकळतं घेतलं तर कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ बसतो आणि काम वाढतं. बुडबुडे थांबले आणि थर तरी शिल्लक असेल, तर अ‍ॅसिड संपलंय, नवीन घ्या. 100 ग्रॅम थराला साधारण 130 ते 140 ग्रॅम लागतं. टाकी गंजू नये म्हणून आत असलेली मॅग्नेशियमची अ‍ॅनोड कांडी झिजून बारीक झाली असेल तर तीही बदला. गॅस्केट नेहमी नवं. जोडून झाल्यावर गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरा, मगच बटण लावा. कोरड्यात कॉइल लगेच जळते. सेफ्टी व्हॉल्व्हही क्षाराने अडकतो, म्हणून त्याची दांडी दोन महिन्यांतून एकदा उचलून पाहा.

सोलर गिझर घ्यायचा असेल तर जड पाण्यात फ्लॅट प्लेटचा प्रकार टाळा, त्याच्या बारीक तांब्याच्या नळ्या चोंदतात. काचेच्या नळ्यांचा चालतो, फक्त तळाशी साचलेला क्षार काढावा लागतो. ते काम पहाटेच करा. तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं की ती फुटते.

एवढं करूनही उन्हाळ्यात बोअरवरच राहावं लागत असेल, तर सॉफ्टनर. त्याचा हिशोब विक्रेत्यावर सोडू नका. आंघोळ आणि कपड्यांना रोज 300 लिटर, कठीणपणा 500 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 150 ग्रॅम. सॉफ्टनरमधले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारे बारीक मणी म्हणजे रेझिन, ते लिटरला साधारण 50 ग्रॅम धरतं. 25 लिटर रेझिनचं भांडं आठ दिवस चालेल, मग तीन किलोच्या आसपास जाडं मीठ टाकून ते रिजनरेट करायचं, म्हणजे पुन्हा कामाला तयार करायचं. पाण्यात लोह असेल तर रेझिन तपकिरी पडतं आणि क्षमता घटते. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. वर धरलेल्या 500 मिलिग्रॅमच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढेल. त्यामुळे झाडांना, स्वयंपाकाला ते पाणी नको, आणि टीडीएस कमी झाला नाही म्हणून भांडायलाही जाऊ नका. पाइपाला बांधायच्या चुंबकांवर पैसे घालवू नका. लावून किटने मोजा, कठीणपणा तेवढाच येतो.

तुरीची डाळ शिजत नाही ती कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट करतं म्हणून. डाळ नळाच्या किंवा आरओच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यात शिजवा. चिमूटभर सोड्यानेही शिजते, पण बी-1 जीवनसत्त्व जातं.

नळावरच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, तोटीची जाळी काढून त्यातच बुडवा. संडासाचं अ‍ॅसिड नको, नळाचा क्रोम जातो. ब्लीचिंग पावडरबरोबर तर कुठलंच अ‍ॅसिड नको, क्लोरीन वायू सुटतो. आणि हे सगळं करताना खाली शहाबादी फरशी असेल तर आधी प्लास्टिकचा टब ठेवा. शहाबादी म्हणजे चुनखडक. लिंबूसत्त्व सांडलं तर तिची चकाकी जाते आणि ती परत आणायला पॉलिशवालाच बोलवावा लागतो.