मिनीप्रेपचं यंत्र आणि पाच मिनिटांचं गणित

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या आमच्या लॅबमध्ये मिनीप्रेप, म्हणजे जिवाणूंमधून प्लास्मिड नावाचा छोटा गोल डीएनए वेगळा काढायचं काम, आता यंत्र करतं. एका प्लेटमध्ये ९६ खळगे, प्रत्येकात ई. कोलाय या जिवाणूचं वेगळं कल्चर, म्हणजे द्रवात वाढवलेले जिवाणू. एमएस्सीला ज्यांनी ट्यूबा एकेक करून उलट्यासुलट्या केल्यात, त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

रसायन मात्र १९७९ साली बर्नबॉइम आणि डॉली यांनी मांडलेलंच. सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली आणि एसडीएस हा साबणासारखा पदार्थ यांनी पेशी फोडायच्या, मग अल्कली शमवायला पोटॅशियम ॲसिटेट घालायचं (त्यांच्या मूळ पद्धतीत सोडियम ॲसिटेट होतं). अल्कलीत सगळ्याच डीएनएचे पदर सुटतात. प्लास्मिड लहान, बंद गोल; त्याचे दोन्ही पदर एकमेकांत अडकलेलेच राहतात आणि अल्कली शमली की पटकन पुन्हा जुळतात. जिवाणूचा लांबलचक मुख्य डीएनए गुंतून प्रथिनांसोबत पांढऱ्या साक्यात जातो.

यंत्राची खरी परीक्षा या पेशी फोडण्याच्या टप्प्यावर होते. इथे द्रावण शेंबडासारखं चिकट होतं. पिपेटने, म्हणजे द्रव ओढून सोडणाऱ्या नळीने, जोरात वरखाली केलं तर मुख्य डीएनएचे तुकडे होतात आणि ते प्लास्मिडबरोबरच येतात. म्हणून आम्ही पिपेटचा वेग अगदी कमी ठेवतो आणि मिसळायचं काम प्लेट हलवणाऱ्या शेकरवर सोपवतो. दुसरी गोष्ट वेळेची. अल्कलीत पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवलं तर प्लास्मिडही कायमचं बिघडू शकतं. आठ टोकांचा पिपेट प्लेटच्या १२ रांगा एकामागून एक भरतो. रांगेला २० सेकंद धरले तरी शेवटची भरेपर्यंत पहिलीची जवळपास चार मिनिटं संपलेली असतात! त्यामुळे पुढचं पोटॅशियम ॲसिटेटही त्याच क्रमाने, त्याच गतीने घालावं लागतं. ९६ टोकांचं डोकं असेल तर हा प्रश्नच मिटतो, पण ते महाग पडतं.

साका काढून टाकला की पुढचं सोपं. ग्वानिडिनच्या क्षारात डीएनए सिलिकाला चिकटतो. सिलिकाचा लेप असलेले चुंबकी मणी वापरले की खाली चुंबक लावून नुसतं द्रावण बदलायचं, नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज लागत नाही. इथून जवळच हिल्डनला अशी किट आणि यंत्रं बनवणाऱ्या कायाजेन कंपनीचा मोठा कारभार आहे. त्यांचं कायाक्यूब हे यंत्र मात्र नेहमीचेच कॉलम, म्हणजे सिलिकाचा थर असलेल्या छोट्या नळ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतं, एका वेळी १२. छोट्या लॅबला मला तेच जास्त योग्य वाटतं.

भारतातून इथे पीएचडीला येऊ पाहणारी मुलं मला विचारतात, आता हाताने शिकायची गरज काय? मी त्यांना आग्रहाने सांगते, शिकाच. चिकट द्रावण निवळून पांढरे तंतू कधी दिसायला लागतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, त्यालाच शेकरचा वेग ठरवता येतो.