फौजदाराने अंडे घातले तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या आंबा-काजूच्या बागेत तीन वर्षांपूर्वी मी पाच पांढरे राजहंस आणले, तेव्हा विकणाऱ्याने त्यांत दोन नर आणि तीन माद्या असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते. आपल्याकडे ज्यांना सरसकट राजहंस म्हणतात, ते हे चिनी जातीचे पाळीव पक्षी. त्यांत नर आणि मादी यांचा रंग एकच असतो. पिलग्रिम नावाच्या जातीत नर पांढरा आणि मादी राखाडी असते, पण ते सुख आमच्या नशिबी नव्हते.

म्हणून मी बाहेरच्या खुणांवर भिस्त ठेवली. चोचीच्या मुळाशी असलेले टेंगूळ नरात मोठे असते, मान जाड असते आणि आवाज मादीपेक्षा बारीक, चिरका असतो. सर्वांत मोठ्या टेंगळाचा, कुत्र्यावरही मान लांबवून धावून जाणारा पक्षी अर्थातच नर ठरला आणि आईने त्याचे नाव फौजदार ठेवले. त्या थंडीत एक मादी खुडूक बसली. तीस दिवसांत पिल्ले निघायला हवी होती. पस्तीस झाले, तरी काही नाही. दहाव्या दिवशीच अंधारात टॉर्च लावून अंडी पाहण्याची अक्कल मला सुचली नव्हती. उशिरा पाहिली, तेव्हा सातही अंडी आरपार स्वच्छ होती, एकातही लाल शीर नव्हती, म्हणजे एकही अंडे फळलेले नव्हते. पुढच्याच आठवड्यात फौजदार काजूखालच्या पाचोळ्यातून उठला आणि खाली ओलसर, कोमट अंडे दिसले.

अखेर ओळखीच्या पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी पक्षी मांडीवर उताणा धरला, शेपूट मागे दाबली, बोटाला व्हॅसलीन लावून गुदद्वाराचा स्नायू हलक्या हाताने सैल केला आणि दोन्ही बाजूंनी दाब दिला. वयात आलेल्या नराचे पिळदार लिंग अशा वेळी बाहेर येते. मादीत केवळ गुलाबी घड्या दिसतात. यात घाई किंवा जोर केल्यास पक्षी कायमचा जायबंदी होऊ शकतो, त्यामुळे पहिल्यांदा जाणत्याच्याच हातून करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाचही पक्ष्यांत फक्त घड्याच निघाल्या. नर नसलेल्या कळपात एखादी दांडगी मादी नराचा रुबाब घेते, हे मला तेव्हा कळले. टेंगूळ आणि आवाज या खुणा एकाच वयाचे खरे नर व मादी शेजारी असल्यावरच उपयोगी पडतात.

पुढचा नर मी अशी तपासणी करूनच विकत घेतला आणि त्याच्या पायात निळे कडे घातले. गेल्या हंगामात नऊ अंड्यांतून सहा पिल्ले निघाली. फौजदार अजूनही त्या नराला पाण्याच्या टाकीजवळ फिरकू देत नाही.