दुसरा उन्हाळा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आई गच्चीवर सोलं वाळत घालत होती. गोव्यातल्या मार्दोळच्या आमच्या घराची गच्ची त्या दिवसांत माणसांसाठी नसतेच. एका कोपऱ्यात भिरंडांची, म्हणजे कोकमांची सोलं, दुसऱ्यात आंबोशी, मध्ये जुन्या लुगड्यावर पसरलेल्या मिरच्या, आणि कावळ्यांना भिववायला उघडून ठेवलेली बाबांची फाटकी छत्री. मी शेवटच्या पायरीवर उभी राहून सांगितलं, "तिकिटं झाली. दहा जूनला पोर्तुगालला निघायचं. तिथे तेव्हा उन्हाळा असतो, हवा छान असते."

तिने हातातलं सोल उलटं केलं. "एक गीम आतां सोंपत आयलो, आनी तूं म्हाका दुसऱ्या गिमांत व्हरता?"

गीम म्हणजे उन्हाळा. आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि लिहिणं मराठीत चालतं, त्यामुळे आईचे प्रश्न मला नेहमी कोंकणीत पडतात आणि त्यांची उत्तरं मी मनात मराठीत शोधत बसते. या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

मी 'उन्हाळा' हा शब्द उच्चारला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होती रस्त्यावर मांडलेली टेबलं, रात्री नऊपर्यंत रेंगाळणारा उजेड, सुती साडीतली आई आणि तिच्यापुढे काहीतरी थंडगार पेय. तिच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते समोर वाळतच होतं. गोव्यातला उन्हाळा म्हणजे पुरुमेंत. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. हा शब्दही पोर्तुगिजांकडून आलेला, पण आता तो इतका आमचा झालाय की आईला तो भिरंडाइतकाच झाडाला लागलेला वाटतो. सोलांचंच घ्या. फळं फोडायची, बिया वेगळ्या करायच्या, साली उन्हात टाकायच्या, मग त्या रसात मीठ घालून पुन्हा भिजवायच्या, पुन्हा उन्हात. असं पाच-सहा दिवस, सोलं काळी कुळकुळीत होईपर्यंत. मग मिठातली तोरं म्हणजे कोवळ्या कैऱ्या, फणसाचे पापड, सुके बांगडे, वर्षाचं मीठ. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही मे महिन्यात, दुपारी चार वाजता, मी आईला नुसती बसलेली पाहिलेली नाही.

या सहलीची खरी कल्पना तिथूनच आली असावी. जग दाखवणं वगैरे मी लोकांना सांगते. मला तिला दुपारी चार वाजता बसलेली बघायचं आहे, एवढंच.

युरोपी उन्हाशी आईची ओळख मात्र जुनी आहे. आम्ही लहान असताना बाबा वर्षातून एकदा आम्हाला कळंगुटला न्यायचे. डिसेंबर-जानेवारीत तिथे गोऱ्यांचे घोळके वाळूत पडलेले असायचे. आई पदर डोक्यावर घेऊन त्यांच्याकडे बघायची. एकदा, बराच वेळ विचार करून, तिने बाबांना विचारलं होतं, "यांना कोणी उलटंपालटं करत नाही का? एका बाजूने करपतील." वाळवणाच्या बाईला दुसरा कुठला प्रश्न पडणार! एवढे पैसे खर्चून माणसं ऊन खायला इतक्या लांब येतात, हे तिला तेव्हा पटलं नव्हतं, आणि आता तेच ऊन आपण त्यांच्या घरी जाऊन खायचं हे तर त्याहून पटत नाही.

शेवटी तिला माशांनी पटवलं.

एक जून ते एकतीस जुलै गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ. त्या एकसष्ट दिवसांत बाजारात जे येतं त्याला आई मासे म्हणत नाही. आणि जून म्हणजे लिस्बनमध्ये सार्डिनचा महिना, म्हणजे आपल्या तारल्यांचे सख्खे भाऊ. बारा जूनच्या रात्री सांत आंतोनच्या नावाने गल्लोगल्ली निखाऱ्यांवर तारले भाजतात आणि पावावर ठेवून खातात. मी फोनवर चित्र दाखवलं. तिने चष्मा वर केला, चित्र मोठं करून घेतलं आणि म्हणाली, "खवलीं काडूंक नात गो." खवले काढलेले नाहीत. पण आवाजात फरक पडला होता. बाकल्यावबद्दल सांगितलं तेव्हा तर तिने मान डोलावली. खारवून सुकवलेला कॉड मासा, लाकडाच्या फळीसारखा कडक; शिजवण्याआधी एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा. "म्हणजे तीही माणसं पुरुमेंत करतात," ती मराठीत म्हणाली. महत्त्वाची विधानं ती मराठीत करते.

सोमवारी काय खायचं हा प्रश्न उरला आहे. त्यावर सध्या पोहे हे उत्तर आहे.

व्हिसाचा दिवस वेगळाच गेला. कागदपत्रं मी दोन महिने गोळा करत होते. तीस हजार युरोचा विमा, बँकेचे उतारे, हॉटेलांच्या पावत्या, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे फोटो. फोटोत हसायचं नाही म्हटल्यावर आई इतकी गंभीर झाली की कोणाच्या तरी बाराव्याला आल्यासारखी दिसते. नव्वद युरो फी; रुपयांत नऊ हजारांच्या घरात. एवढ्यात महिनाभर इसवण मासा खाल्ला असता, हे मला तिथे रांगेतच ऐकून घ्यावं लागलं. कागद सगळे पास झाले आणि गाडी अडकली ती बोटांवर. दहाही बोटांचे ठसे घ्यायचे होते, आणि आईची बोटं यंत्राला दिसेनात. डावा अंगठा तेवढा उमटला. काउंटरवरच्या मुलीने ओल्या कापडाने बोटं पुसली, क्रीम लावलं, दाबून बघितलं. सोलांचा जांभळा रंग नखांच्या कडांना होता तो होताच, पण रेषाच पुसट झालेल्या. खोबरं खवून, भांडी घासून, सत्तर वर्षांत झिजलेल्या. मुलगी म्हणाली, "आजी, काम कमी करा हो." आई म्हणाली, "हें येवजून उलयता तूं?" विचार करून बोलतेस का? पण हसून. पाऊण तासाने, सातव्या की आठव्या खेपेला, यंत्राने माघार घेतली.

मी मात्र परतताना बसमध्ये तिच्या हातांकडे बघत होते. पासपोर्टवर आपलं नाव, जन्मतारीख, गाव सगळं असतं. यातलं काहीच नसतं.

जन्मतारखेवरून आठवलं. शेजारच्या काकी रोज येऊन विचारतात, "तुला कसला व्हिसा? तुझा जन्म त्रेपन्नचा ना?" त्यांचं चूक नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि हजारो गोंयकारांनी ते घेतलं आहे. त्या पासपोर्टवर मुलं कुठल्या कुठे पोचली. भारताचं नागरिकत्व मात्र मग सोडावं लागतं. आई काकींना दर वेळी चहा देते आणि एकच सांगते, "जन्मले तेव्हा त्यांची होते, आठव्या वर्षी तुमची झाले. आता या वयात किती वेळा बदलायचं?" त्या आठ वर्षांतलं तिच्याकडे उरलंय ते एवढंच: सकाळी पोर्तुगीज शाळेतला प्रिमैर ग्राव, दुपारी मास्तरांकडे मराठी बाराखडी, आणि आकडे. पापड मोजताना ती अजून 'उं, दोयश, त्रेश' करत वीसपर्यंत जाते. वीसनंतर मराठी. लिस्बनमध्ये वीसपेक्षा जास्त काही विकत घ्यायचं नाही असं आमचं ठरलंय.

काकींची दुसरी तक्रार आयफेल टॉवरची. त्यांच्या भाच्याने दहा दिवसांत सात देश केले. 'केले' हाच शब्द. आम्ही सतरा दिवसांत एकच देश, तोही नीट बघून होईल की नाही शंका. बर्फ नाही, टॉवर नाही, मग युरोप कसलं? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. बसमधून उतर, फोटो काढ, बसमध्ये चढ, याला प्रवास म्हणायचं तर आमची सरकारी कदंबा बससुद्धा रोज तेच करते.

रोज रात्री जेवण झाल्यावर मी आईला एकेक गोष्ट सांगते. सहलीआधीची ही सहल मला आता जास्त आवडायला लागली आहे. लिस्बनमधल्या बेलेंचा जेरोनिमोस मठ, १५०१ मध्ये बांधायला घेतलेला. वास्को द गामाची कबर तिथे आहे. बांधकामाचा बराचसा पैसा आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून आला, म्हणजे मसाल्यांतून, मिऱ्यांतून. आई मागच्या पोफळींवर चढलेल्या मिरवेलींकडे बघून म्हणाली, "मग आत जायला आपल्याकडून तिकीट घेतात?" घेतात म्हटलं. तिने नुसतं "हं" केलं. तो "हं" मी मठाच्या दारात पुन्हा ऐकणार आहे याची मला खात्री आहे.

आणि मांजेरिको. हे सांगताना मलाच घाई झाली होती. सांत आंतोनच्या सणाच्या दिवसांत लोक एकमेकांना छोट्या कुंड्या देतात, बारीक पानांच्या, गोल चेंडूसारख्या वाढलेल्या रोपाच्या. ते तुळशीच्याच घराण्यातलं, सब्ज्याची एक बुटकी जात. त्याचा वास थेट नाक लावून घ्यायचा नाही, रोप सुकतं म्हणतात. तळहात वरून हलकेच फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. आई उठली, वृंदावनाशी गेली, तुळशीवरून हात फिरवून आली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बरोबर आहे. देवाच्या झाडाला नाक लावायचं नसतंच."

चोवीस जूनला आम्ही पोर्तोत असू. सांजांव! संत जॉनचा सण. इथे गोव्यात त्या दिवशी पोरं डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट घालून, सुरेचे ढोस घेत विहिरींत उड्या मारतात. तिथे आदल्या रात्री सगळं शहर रस्त्यावर येऊन एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे हाणतं. तोच संत, तोच दिवस. आईचं म्हणणं, पाण्यात उडी मारणं जास्त शहाणपणाचं. निदान उकाडा तरी जातो.

बॅगेचं काम सध्या थंडावलं आहे, कारण नियम. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी. म्हणजे तूप गेलं, पेढे गेले. मानकुराद आंबा कागदांशिवाय नाही. पण ज्या पाच फळांना कसलाही दाखला लागत नाही त्यांत अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ आहे. "नारळ चालतो?" आईने तीनदा विचारलं. तिच्या मनातली युरोपची किंमत त्या रात्री एकदम वाढली. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलाने पेट घेतो म्हणून, हे मी अजून सांगितलेलं नाही. सोलं दोन डबे भरून ठेवलीत. भिरंडेल तेलाची एक वडी टाचांसाठी.

टाचांवरून बुटांचं. लिस्बन सात टेकड्यांवरचं गाव आहे, गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं तर तिने गच्चीच्या एकवीस पायऱ्या आणि दिवसाच्या आठ खेपा मोजून दाखवल्या. तरी मी तिच्यासाठी बूट आणले. साडीवर ते घालणार नाही म्हणून तिने खोका कपाटावर टाकला. परवा पहाटे पाचला मला वर पावलांचा आवाज आला. कावळे असतील म्हणून मी गेले. आई गच्चीवर होती. साडी जरा वर खोचलेली, पायांत पांढरे बूट, आणि सोलं आणि मिरच्या यांच्यामधल्या फूटभर वाटेवरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. वळताना छत्रीला हात लावून वळायची. मी खाली निघून आले. अकरा खेपा झाल्या, मी मोजल्या.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. मी कौतुकाने सांगितलं होतं की तिथे जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो. आईचा चेहरा पडला. "मगीर दिवो केन्ना लावचो?" दिवेलागण सातची. नऊ वाजता दिवा लावला तर जेवण कधी, निजणं कधी, आणि तोपर्यंत घरात दिवा नाही? शिवाय हॉटेलात समई कुठली! वहिनी इथे सात वाजता देवापुढे आणि तुळशीपाशी लावेलच, पावसात कोनाड्यात ठेवायचा हे तिला दहादा सांगून झालंय. पण आईचे हात त्या वेळी काय करतील?

दोन दिवस ती गप्पगप्प होती. काल पापड मोजता मोजता थांबली आणि तिने विचारलं, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा किती मागे? साडेचार तास, मी म्हटलं. तिने बोटांवर हिशेब केला, ज्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांच्यावर.

"म्हणजे आपल्याकडे सात तेव्हा तिथे अडीच. तुझ्या फोनात रोज अडीचचा गजर लाव. जिथे असू तिथे मी दोन मिनिटं हात जोडीन. ट्राममध्ये असलो तर ट्राममध्ये."

"भर उन्हात दिवेलागण?"

"गीमूच न्हय तो," ती म्हणाली, उन्हाळाच ना तो, आणि पापड पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. उं, दोयश, त्रेश.